पोटाला पडलेला पीळ

लहान मुलाचे पोट दुखू लागले की घरोघरी ओव्याचा शेक, हिंगाचा लेप, घुटी असे उपाय सुरू होतात. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेण्याची रीतही जुनी आहे. बहुतेक दुखणी साधी असतात व थांबतातही. एका विरळ विकारात मात्र बाळाचे जठरच स्वतःभोवती फिरते. तेथे चोळण्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

जठर काही बंधांनी प्लीहा, यकृत व श्वासपटलाशी जोडलेले असते. हे बंध जन्मतः सैल असले अथवा श्वासपटलात छिद्र असले, तर जठरास पीळ पडतो. तो १८० अंशांहून अधिक झाल्यास अन्नमार्ग बंद होऊन रक्तपुरवठाही तुटू शकतो. १८६६ मध्ये बर्टी यांनी हा विकार प्रथम वर्णिला, तोही शवविच्छेदनात पाहून. १९०४ मध्ये बोर्कार्ट यांनी जिवंतपणीच्या तीन खुणा सांगितल्या: पोटाच्या वरच्या भागी वेदना व फुगवटा, उमाळे येऊनही उलटी न पडणे आणि जठरात नळी न उतरणे.

परंतु तान्ह्या बाळात या तिन्ही खुणा एकत्र दिसतीलच असे नाही, आणि बाळाला दुखणे सांगता येत नाही. म्हणून छायाचित्रणाचा आधार घ्यावा लागतो. साध्या एक्स-रेत जठर वायूने फुगलेले दिसते. बाळास उभे धरून घेतलेल्या चित्रात द्रवाच्या दोन पातळ्याही दिसू शकतात. मग एक्स-रेत उमटणारे औषध जठरात सोडून चित्रे घेतात. औषध कोठे अडले व जठर कसे वळले, हे त्यातून कळते. सोनोग्राफी वा सीटी स्कॅनची गरज डॉक्टर ठरवतात.

निदानानंतर नळीने जठर रिकामे करण्याचा प्रयत्न होतो. तीव्र विकारात तातडीने शस्त्रक्रिया करून पीळ सोडवतात व जठर पोटाच्या भिंतीशी टाक्यांनी स्थिर करतात. पीळ सौम्य व जुना असल्यास, काही तान्ह्या बाळांना थोडे थोडे पाजून उभे धरल्याने पुरते. पण तो निर्णय तपासणीनंतरच घ्यावा.

छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या वढू बुद्रुकहून कोरेगाव भीमामार्गे नगर रस्त्याने पुणे गाठता येते. तेथे ससूनसारखी मोठी रुग्णालये आहेत. पोट फुगले, उमाळे थांबेनात, बाळ मलूल झाले अथवा हिरवी उलटी झाली, तर खाणेपिणे थांबवून त्वरित निघावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हिरवी उलटी आतड्याच्या पिळाचीही खूण असू शकते आणि तोही तितकाच घातक असतो.

‘दुकान वाढवून मग जाऊ’ असे अशा वेळी कोणीही म्हणू नये. गिऱ्हाईक उद्याही येईल.