शिंगरांचा अतिसार आणि प्रतिजैविके

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात घोड्याची पारख दात, चाल आणि भोवरे पाहून होते. त्याच्या आतड्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः घोड्याचे बळ तेथेच तयार होते. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर लहान असते आणि चाऱ्यातील तंतूंचे पचन मोठ्या आतड्यातील असंख्य जीवाणू करतात. या जीवाणूंची घडी विसकटली की साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम यांसारख्या रोगजंतूंना मोकळे रान मिळते. पाण्यासारखे जुलाब सुरू होतात व धडधाकट जनावरही दोन-तीन दिवसांत दगावू शकते.

ही घडी विसकटण्यास पुष्कळदा औषधच कारणीभूत होते. स्वीडनमध्ये शिंगरांना फुफ्फुसाच्या एका विकारावर एरिथ्रोमायसिन व रिफॅम्पिसिन ही प्रतिजैविके देण्यात येत. त्या उपचारकाळात आतड्याच्या तीव्र दाहाने आजारी पडू लागल्या त्या शिंगरांच्या माता! औषधाचा अल्पसा अंश शिंगराच्या लिदेवाटे घोडीच्या पोटात जात असावा, आणि तेवढ्यानेही तिच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल माजत असे, असे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

दुसरा धोका अधिक दूरगामी आहे. औषधाने दुबळे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात व वाढतात. शिवाय हा प्रतिकारगुण एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकतो. अमेरिकेतील केंटकी येथे याच विकाराची बाह्य लक्षणे नसलेल्या शिंगरांनाही सरसकट औषधे देण्यात आली. परिणामी त्या औषधांना न जुमानणारे जंतू तेथील तबेल्यांत पसरले.

आपल्याकडे टांगेवाले, माथेरानचे घोडेवाले, घोड्यांवर बिऱ्हाड लादून फिरणारे धनगर यांना जनावर गमावणे परवडणारे नाही. त्यामुळे जुलाब दिसताच दुकानातून गोळ्या आणण्याचा मोह समजण्यासारखा आहे. तथापि जन्मानंतर सुमारे पाच ते पंधरा दिवसांच्या सुमारास शिंगराला होणारे सौम्य जुलाब बहुधा आपोआप थांबतात. ते दूध पीत असेल व बागडत असेल, तर प्रतिजैविकाची आवश्यकता नसते. ते मलूल झाले, दूध सोडले, ताप आला किंवा लिदेत रक्त दिसले, तर मात्र पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. अशा वेळी शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे हाच उपचाराचा गाभा असतो.

शिंगरू जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्यांवाचून येते. ती त्याला घोडीच्या चिकातून मिळतात. पहिल्या बारा तासांत पोटभर चीक मिळाला पाहिजे, कारण दिवसभरानंतर आतडे ती द्रव्ये शोषून घेत नाही. आजारी घोडा वेगळा बांधावा, त्याची बादली इतरांना वापरू नये. साल्मोनेला माणसालाही बाधतो. म्हणून लीद काढणाऱ्याने साबणाने हात धुवावेत व मुलांना तेथे फिरकू देऊ नये. लिदेचा नमुना तपासणीसाठी द्यावयाचा असल्यास तो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा. एकदा औषध पोटात गेले की मूळ जंतू हाती लागणे कठीण होते.