दोन मित्रांची मोटार



दोन राष्ट्रांचा लष्करी करार असला म्हणजे बाजारातही त्यांचा सलोखा असणार, असे आपण धरून चालतो. अमेरिका आणि जपान यांचा संरक्षण करार १९५१ सालचा. पण पुढे जपानी माल अमेरिकेत खपू लागला आणि कुरबूर सुरू झाली. आधी कापडावरून, मग पोलादावरून, शेवटी मोटारींवरून.

१९७९ साली तेल भडकले. अमेरिकन गिऱ्हाईक कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या जपानी गाडीकडे वळले आणि तिकडचे दोन लाखांवर मोटार-कामगार घरी बसले. मित्राच्या मालावर उघड बंदी कशी घालायची? म्हणून १९८१ साली जपानने ‘स्वेच्छेने’ कबूल केले की, वर्षाला १६ लाख ८० हजारच मोटारी पाठवू. ही स्वेच्छा कसली असते, ते स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केलेल्या आपल्या गिरणी-कामगाराला विचारा!

गाड्या मोजूनच धाडायच्या, तर जपानी कारखानदारांनी मोठ्या नि महाग गाड्या धाडल्या. चढाओढ सैल पडताच अमेरिकन कंपन्यांनीही भाव चढवले. भुर्दंड गिऱ्हाइकाला. कामगारांत मात्र जपान्यांविरुद्ध राग पेटला होता. १९८२ साली डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या तरुणाला मोटारधंद्यातल्या एका मुकादमाने आणि त्याच्या सावत्र मुलाने बॅटने मारले. तो त्यात गेला. तो जपानी नव्हता, चिनी वंशाचा होता.

त्याच साली जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना बंद केला. तिथले कामगार कामचुकार, सारखे गैरहजर, अशी त्यांची ख्याती. १९८४ साली जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा चालू केला. माणसे बहुतेक जुनीच, युनियनही तीच. काही शे जणांना जपानात शिकायला पाठवले. दोष दिसला की कोणत्याही कामगाराने दोरी ओढावी, लाईन थांबवावी, अशी मुभा मिळाली. पूर्वी लाईन थांबवणे म्हणजे गुन्हा होता. थोड्याच काळात तिथली गाडी जपानी गाडीच्या तोडीची निघू लागली, हजेरीही सुधारली. मी तीस वर्षे फाटकावर सभा घेत आलो. कामगार बिघडला असे ज्या ज्या वेळी ऐकतो, त्या त्या वेळी मला ती दोरी आठवते.

२००९ मध्ये जनरल मोटर्स भागीदारीतून निघून गेली. एप्रिल २०१० मध्ये टोयोटानेही तिथले काम थांबवले. साडेचार हजारांवर माणसे रस्त्यावर आली. आता तिथे टेस्लाच्या विजेवरच्या मोटारी बनतात, आणि त्या कारखान्यात युनियन नाही.