मुलाचा जनुकीय अहवाल : पालक हे विश्वस्त

कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी परिसरातील अनेक मुले रक्त कमी असल्याच्या तक्रारीने रुग्णालयात येतात. लोहाच्या औषधानेही हिमोग्लोबिन वाढत नाही, तेव्हा डॉक्टर पुढील तपासणी सुचवतात. तीत हिमोग्लोबिन ए-टू चे प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक आढळले, तर मूल बीटा थॅलेसेमियाचे वाहक असावे, असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी पालकांचा पहिला प्रश्न पुष्कळदा उपचारांविषयी नसतो. "कागदावर लिहू नका, उद्या मुलीच्या लग्नात अडचण येईल," अशी त्यांची विनंती असते.

ही भीती समजण्याजोगी आहे. परंतु वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक सर्वसामान्य आयुष्य जगतो. त्याला रक्त चढवावे लागत नाही. मात्र पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बाळाला साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. म्हणून लपवलेला अहवाल मुलीचे रक्षण करीत नाही. तिला तो योग्य वयात सांगितला, तर भावी जोडीदाराच्या रक्ततपासणीने प्रश्न स्पष्ट होतो. मूल वाहक असल्यास आईवडिलांपैकी निदान एक जण बहुधा वाहक असतो. त्यामुळे दोघांची व भावंडांची तपासणी आवश्यक ठरते. केवळ मातेला दोष देणे सर्वथा अनुचित होय.

याहून अवघड प्रश्न विस्तृत जनुकीय तपासणीत उद्भवतो. मुलाची वाढ खुंटण्याचे कारण शोधताना हजारो जनुके वाचली जातात. त्यात अनपेक्षितपणे बीआरसीए-१ या जनुकातील दोष आढळू शकतो. त्यामुळे प्रौढपणी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बालवयात त्यावर काहीच करावयाचे नसते. परंतु तोच दोष मातेत असल्यास वेळेवर तपासणीने तिचे प्राण वाचू शकतात. अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१३ साली ५६ जनुकांची यादी करून त्यांतील असे दोष, रुग्णाचे वय न पाहता, कळवावेत अशी शिफारस केली. त्यावर बराच वाद झाला आणि २०१४ साली कुटुंबाला आधीच नकार देण्याची मुभा मिळाली.

यातून घ्यावयाचा बोध एवढाच, की निर्णय नमुना घेण्यापूर्वी व्हावा. बालपणीच उपयोगी पडणारी माहिती पालकांनी अवश्य घ्यावी. प्रौढवयाशी संबंधित माहिती घ्यावी की नाही, घेतल्यास मुलाला केव्हा सांगावी आणि कोणत्या नातेवाइकांना कळवावी, याची चर्चा समुपदेशकासमवेत करावी. विम्याची चिंता करणाऱ्यांनी हेही जाणावे, की आरोग्यविम्यातून सरसकट सर्व 'जनुकीय विकार' वगळणे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरवले होते.

विश्वस्त ठेव सांभाळतो. तो तिचा मालक नसतो. मुलाचा अहवालही अशीच ठेव आहे. ते सज्ञान होईपर्यंत पालकांनी ती जपावी, फाइल फाडून टाकू नये आणि समज येईल तसतशी माहिती त्याच्या स्वाधीन करावी.

देणगीदारांना तपासणीचे यंत्र डोळ्यांना दिसते. समुपदेशनाचा एक तास ताळेबंदात दिसत नाही. तथापि त्या तासाविना यंत्राने दिलेला अहवाल अपुराच राहतो, याकडे आम्ही आपले लक्ष नम्रपणे वेधू इच्छितो.