मुद्रा खरी, पण चित्र?

बनावट नाणी चलनात शिरली, की लोक खऱ्या नाण्याकडेही संशयाने पाहू लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेल्या चित्रांमुळे आज वृत्तछायाचित्रांची तीच गत झाली आहे. यावर उपाय म्हणून अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी २०२१ साली ‘सीटूपीए’ ही संघटना स्थापून एक समान मानक तयार केले. २०२२ साली त्यानुसार फायली पडताळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, सर्वांना खुली झाली.

तिचे कार्य मोहोरबंद लखोटा तपासण्यासारखे आहे. चित्र कोणत्या साधनाने निर्माण झाले, त्यात कोणते फेरफार झाले, याची नोंद फायलीतच असते व तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. पुढे कोणी चित्रातील एक ठिपका जरी बदलला, तरी गणिती ठसा जुळत नाही आणि वाचकाच्या ब्राउझरमध्येच ती लबाडी उघडी पडते.

तथापि या व्यवस्थेची मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे. स्वाक्षरी फायलीच्या अखंडतेची ग्वाही देते, आशयाच्या सत्यतेची नव्हे. मुद्दाम रचलेल्या प्रसंगाचे छायाचित्रही निर्दोष स्वाक्षरी मिरवू शकते. उलट, चित्र एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना नोंद सहज गळून पडते. म्हणून नोंदीचा अभाव हा खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. साध्या कॅमेऱ्याने टिपलेले सत्य केवळ शिक्क्याअभावी नाकारले गेले, तर तो अन्यायच होय. यंत्राने साक्षीदाराची ओळख पटवावी. साक्षीचे मोल मात्र वाचकाच्या विवेकानेच ठरले पाहिजे.