लोखंडाचे माप
सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. गाडी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नाही, हेही सांगितले. पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

कुराणातील ‘सबा’ या सूरेत हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. सोबत आज्ञाही आहे : चिलखताच्या कड्या मापात ठेवा. हुन्नर ही देणगी, माप ही जबाबदारी. ब्रेक, स्टिअरिंग, चाके नीट जुळली, तरच रस्त्यावरचे सगळे सुखरूप. वसई-विरारच्या गॅरेजमध्ये रोजा ठेवून नटबोल्ट आवळणाऱ्या हातांचीही हीच इबादत.