‘ठीक आहे’ म्हणणारी स्क्रिप्ट

नेटवर्कची राखण : भाग ७

मागच्या भागात एसएनएमपी पाहिलं. १९८८ साली ठरलेली ही बोली ज्या स्विचला किंवा राउटरला येते, तो विचारल्याबरोबर स्वतःची तब्येत सांगतो. पण ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंत मी ज्या छोट्या कचेऱ्यांमधली यंत्रं सांभाळतो, तिथे ही बोली येणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. स्वस्तातला स्विच, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, टेबलाखालचा यूपीएस, सगळी मुकी. काही पिंगला ‘ओ’ देतात, पण त्याने फसू नका. डीव्हीआर पिंगला उत्तर देत राहतो आणि आत हार्ड डिस्क कधीच मेलेली असते. त्याला ‘आहेस का?’ विचारून उपयोग नाही. ‘शेवटचं रेकॉर्डिंग किती वाजताचं?’ हे विचारायला हवं. ते विचारण्यासाठी स्क्रिप्ट आपली आपणच लिहायची.

यूपीएसचंच घेऊ. त्याला नेटवर्कचं पोर्ट नसतं, मागे एक सिरियल पोर्ट असतं, तेही बहुतेकांनी कधी वापरलेलं नसतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त यूपीएसना मेगाटेक नावाची जुनी, साधी बोली कळते. २४०० च्या वेगाने ‘क्यू’, ‘१’ आणि एंटर एवढंच पाठवायचं. उलट एक ओळ येते, साधारण अशी:

(२३१.४ १८०.० २३०.१ ०३४ ५०.० १३.६ ३४.० ००००००००

पहिला आकडा बाहेरून येणारे व्होल्ट, तिसरा यूपीएस पुढे देतोय ते व्होल्ट, चौथा लोड टक्क्यांत. मग फ्रीक्वेन्सी, बॅटरीचे व्होल्ट, तापमान. शेवटची आठ शून्यं म्हणजे आठ दिवे समजा. पहिलं शून्य एक झालं की वीज गेली, दुसरं एक झालं की बॅटरीही संपत आली. कचेरीत पडून असलेल्या जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पायवर पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट, क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी चालवायची. ती ओळ वाचते, तपासते आणि गडबड असेल तर टेलिग्रामवर निरोप धाडते. (‘१’ विसरून नुसता ‘क्यू’ पाठवलात तर यूपीएसचा भोंगा बंद किंवा चालू होतो. ‘एस’ने सुरू होणारी आज्ञा तर यूपीएसच बंद करते. तेव्हा प्रयोग कचेरी सुटल्यावर करा.)

आता माझी फजिती. एका कचेरीत अशी स्क्रिप्ट बसवली आणि मी निर्धास्त झालो. रोज सकाळी मोबाइलवर ‘यूपीएस ठीक’ असा निरोप यायचा. मग एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली, बॅटरी संपली, सर्व्हर धाडकन बंद पडला आणि हिशेबाची फाइल बिघडली. मला एका शब्दाने कळलं नाही. त्या वेळी मी लोकलमध्ये होतो आणि खिशातला मोबाइल गप्प होता.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. काही दिवसांपूर्वी पीसी रीस्टार्ट झाला होता आणि सिरियल केबलच्या यूएसबी कन्व्हर्टरचं नाव बदललं होतं. स्क्रिप्ट जुन्या नावाच्या दारात उभी राहून हाका मारत होती. आतून उत्तर काहीच नाही, म्हणजे व्होल्टच्या जागी रिकामी जागा. आणि मी लिहिलं होतं, ‘पहिला दिवा एक असेल तर बोंब मार, नाहीतर ठीक म्हण.’ रिकामी जागा म्हणजे काही ‘एक’ नव्हे. झालं, सगळं ठीक! यंत्र मुकं होतंच, मी त्याच्या तोंडून खोटं वदवलं.

म्हणून नागिओसची पद्धत मला पटते. १९९९ साली ईथन गाल्स्टड यांनी नेटसेंट नावाने सुरू केलेल्या या प्रणालीत प्रत्येक तपासणी-स्क्रिप्टने शेवटी एक आकडा द्यायचा असतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे ‘ठाऊक नाही’. बहुतेक जण पहिले तीन लिहितात आणि चौथा विसरतात. मीही विसरलो होतो. आता माझी स्क्रिप्ट आधी ओळ कंसाने सुरू होते का ते बघते, मग तिच्यात बरोबर आठ तुकडे आहेत का ते मोजते. नसतील तर सरळ ३. ‘ठीक’ हा शब्द सर्वात शेवटी, सगळी तपासणी पार पडल्यावरच. कन्व्हर्टरलाही ती आता, लिनक्स त्याला ज्या कायमच्या नावाने ओळखतं, त्याच नावाने हाक मारते.

पीसीच बंद पडला तर? त्यासाठी स्क्रिप्ट दर फेरीला डोंबिवलीच्या माझ्या घरातल्या मशीनला हजेरी लावते; पंधरा मिनिटं हजेरी लागली नाही की घरचं मशीन मला उठवतं. त्या पीसीबरोबर राउटरही यूपीएसवर घ्यायला विसरू नका. नाहीतर वीज गेल्याचा निरोप तयार होतो, पण कचेरीबाहेर पडत नाही.

हे सगळं बसवून झालं की यूपीएसच्या मागची सिरियल केबल खेचून काढा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांत ‘ठाऊक नाही’ आलं नाही, तर तुमची स्क्रिप्ट अजून माझ्या जुन्या स्क्रिप्टची बहीण आहे. पुढच्या आठवड्यात डीव्हीआर.