तेल महागले तर शहराने काय करावे?

आपण एक हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे ९ युनिट उष्णता मिळते. इंजिन त्यातील जेमतेम पाव भाग कामी लावते. मजुराचे दिवसभराचे काम सुमारे ०.६ युनिट भरते. म्हणजे लिटरभर पेट्रोल जवळजवळ चार दिवसांची मजुरी करते! ही शक्ती स्वस्तच राहील असे धरून शहरे पसरली.

अमेरिकेतील पोर्टलंडच्या नगर परिषदेने २००६ मध्ये १२ नागरिकांचा अभ्यासगट नेमला. २५ वर्षांत तेल व नैसर्गिक वायूचा वापर निम्म्यावर आणावा, असे त्याने २००७ मध्ये सुचवले.

तेलाचा भाव नगरपालिकेच्या हाती नसतो. पण घर, शाळा, बाजार यांतील अंतर तिच्या आराखड्यावर ठरते. जुनी बस काही वर्षांत बदलता येते, वस्तीची रचना मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून तयारी आधीच हवी. शेल खडकातील तेल वाढल्याने २०१४ मध्ये भाव कोसळले हे खरे. पण कमी इंधनात चालणारे शहर स्वस्ताईतही फायद्यातच राहते.

आपल्या गावाचा नकाशा वर्गात मांडून विचारू या: पेट्रोल दुप्पट महागले, तर शाळेत कोण कसे पोहोचेल?